देवाच्या नावाचे रान

कोल्हापूरहून पश्चिमेची वाट धरावी. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, शाहूवाडी, तालुका कोणताही असो. उसाचे मळे मागे पडतात, तांबडी माती लागते आणि एखाद्या उघड्या डोंगराच्या कुशीत एकाएकी काळ्याभोर झाडीचा ठिपका दिसतो. ती देवराई. आत वाघजाई असेल, चाळोबा असेल, रवळनाथ असेल. देऊळ म्हणावे तर पुष्कळदा चार दगड आणि एक तांदळा. पण भोवतीच्या अंजनी, जांभळी, उंबर असे वाढलेले की भर दुपारी आत सांजवेळ. गारंबीच्या वेली अजगरासारख्या झाडाझाडांवर लोंबतात, आणि बहुधा पायथ्याशी एखादा झरा असतो.

गावोगावचे नियम थोडे निराळे. पण मूळ एकच. या रानात कुऱ्हाड चालवायची नाही. काही ठिकाणी तर पडलेली वाळकी काटकीही चुलीला न्यायची नाही. औषधापुरती साल-मुळी घ्यावी, झऱ्याचे पाणी सर्वांनी प्यावे. देवळाचे आढे मोडले तर गाव बसणार, देवाला कौल लावणार, आणि मगच एखादे झाड उतरणार. शहरातल्या शिकलेल्या माणसाला यात निव्वळ भाबडेपणा दिसतो. दिसो बापडा! देव रागावतो की नाही हे ठरवणारे आपण कोण? पण देवाच्या नावावर असलेले रान ना पाटलाला विकता येते ना सावकाराला गहाण घेता येते, एवढे व्यवहारज्ञान ज्यांना होते ते भाबडे खास नव्हते. मालक देव, आणि वहिवाट गावाची.

अशी गावाची मालकी राज्यकर्त्यांनी ओळखल्याचा दाखला आपल्याच घरात आहे. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर हे गगनबावड्याचे. कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १७१५ च्या सुमारास, त्यांनी लिहिलेले 'आज्ञापत्र' प्रसिद्ध आहे. त्यात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचे प्रकरण आहे. आरमार म्हणजे राज्याचा प्राण, आणि त्याला लाकूड तर हवेच. पण पंतांचा हुकूम काय? अरण्यातील सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. रयतेच्या आंब्या-फणसाला मात्र हात लावू नये. ती झाडे लोकांनी पोटच्या पोरांप्रमाणे वाढवलेली. एखादे अगदी जीर्ण झाले, तर धन्याला राजी करावे, दाम मोजावेत, मग तोडावे. राज्याच्या गरजेपुढेही धन्याची राजीखुशी लागते, हे सांगणारा मुत्सद्दी तीनशे वर्षांपूर्वी आपल्या घाटमाथ्यावर होऊन गेला.

इंग्रजांना ही राजीखुशी परवडणारी नव्हती. त्यांना आगगाडीच्या रुळांखाली घालायला लाकूड हवे होते. १८७८ च्या कायद्याने जंगलाचे तीन वर्ग केले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. पहिले दोन सरकारने झपाट्याने भरून काढले. तिसरा वर्ग बहुतेक कागदावरच राहिला. १९२७ च्या कायद्यातही तो आहे, आणि तेथेही गोष्ट तीच. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ साली. चार झाडांची फळे-पाने विकून आणि गायरानात दोन जनावरे चारून जगणाऱ्या गरिबाचा तो आधारही जंगल खात्याने काढून घेतला, ही त्यातली तक्रार आजही अंगावर येते.

कोल्हापूर संस्थान असल्याने आपल्याकडे थेट इंग्रजी अंमल नव्हता. दाजीपूरचे रान महाराजांच्या शिकारीसाठी राखलेले होते. त्यामुळे ते वाचले, आणि १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले, हेही खरे. पण तेथे राखण होती ती राजाच्या धाकाने. देवराईत गावच स्वतःला धाक घालून घेत होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले. पुढे १९७५ च्या कायद्याने राज्यभरातली पुष्कळ खाजगी वने सरकारजमा झाली. रान सरकारी झाले की गाव त्याच्याकडे पाहण्याचे सोडून देते. नरक्यासारखी औषधी झाडे चोरट्यांनी नेली तर ज्याचे त्याने पाहावे, असे होते. मला हा तोटा तोडलेल्या झाडांपेक्षा मोठा वाटतो.

उलट बाजूही घडली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर गावाने वर्षानुवर्षे एकत्र बसून, सर्वांच्या संमतीनेच निर्णय करण्याची शिस्त लावून घेतली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना! बांबू हे झाड की गवत, हा वाद. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले.

आपल्या घाटमाथ्यावरचा कुणबी किंवा धनगर याच कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून येतो. त्याच्यासाठी अट अवघड आहे : १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपण या रानावर जगत आलो याचा पुरावा. डोंगरातल्या माणसाने कागद कोठून आणावा? परंतु नियम करणाऱ्यांनी पुराव्यांची यादी करताना वृद्धांची लेखी साक्ष मान्य केली आहे, आणि तिच्याबरोबर पवित्र वृक्ष, देवाची राने आणि तळीही धरली आहेत. म्हणजे आजोबांच्या आजोबांनी ज्या झाडाची काटकीही उचलली नाही, ते झाड आता नातवंडांच्या दाव्यात पुरावा म्हणून मांडता येते. मात्र त्यासाठी ते झाड उभे असावे लागते.