काचपेटीखालचे पाणी : मत्स्यालयातील सम्पचा इतिहास

मत्स्यालयाच्या स्टँडमध्ये, माशांच्या टाकीखाली बसवलेल्या दुसऱ्या टाकीला सम्प म्हणतात. वरचे पाणी काठावरच्या जाळीतून ओसंडून पाइपने खाली येते, सम्पमध्ये गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. आज नाशिकमधल्या एखाद्या फ्लॅटच्या दिवाणखान्यातही ही रचना बसते. तिचे मूळ मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या युरोपातील सार्वजनिक मत्स्यालयांत आहे.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर पाणी न बदलताही सगळे जगतात, असे त्यांनी दाखवले. वनस्पती प्राणवायू पुरवत आणि गोगलगायी कुजका पाला खात. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि घरोघरी काचपेट्यांचे वेड पसरले. पण हा तोल मासे थोडे असतील तोवरच टिकत असे. मासे वाढले की पाणी बिघडे आणि एका रात्रीत सगळी पेटी मरून जाई.

यावर उपाय शोधला विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी. लंडनमध्ये समुद्री जीव विकणाऱ्या या व्यावसायिकाच्या लक्षात आले की दिसणाऱ्या टाकीपेक्षा न दिसणारा साठा मोठा हवा. 1871 मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्यांनी प्रेक्षकांच्या टाक्यांच्या खालच्या पातळीवर समुद्राच्या पाण्याचा प्रचंड, अंधारा हौद बांधला. वाफेच्या यंत्राने पाणी अखंड वर चढे आणि टाक्यांतून वाहत पुन्हा हौदात परते. अंधारामुळे शेवाळ धरत नसे, साठ्यामुळे तापमान स्थिर राहत असे आणि वाहत्या पाण्यात हवा मिसळत असे. नेपल्सच्या प्रसिद्ध सागरी संशोधन केंद्राच्या मत्स्यालयासाठीही लॉइड यांचा सल्ला घेतला गेला. आजचा सम्प हे त्याच हौदाचे घरगुती रूप.

मात्र हौदात पाणी का सुधारते, हे लॉइड यांच्या काळात उलगडलेले नव्हते. 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळूच्या थरातून हळूहळू सोडले. काही दिवसांनी त्यातला अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्म घालताच ही क्रिया थांबली. म्हणजे हे काम सूक्ष्मजीवांचे होते. पुढे इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे हीच क्रिया दोन टप्प्यांत होते, हे पुढे आणणारे कृषिरसायनशास्त्रज्ञ म्हणजे मत्स्यालयवाल्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव, धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन. एक जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. 1890 च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले. वडिलांच्या पेटीत जे घडत होते, त्याचे कारण मुलाच्या प्रयोगशाळेत सापडले.

महाराष्ट्रात असे मोठे सार्वजनिक मत्स्यालय लोकांसमोर आले ते 1951 मध्ये, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा. नाशिकहून मुंबई पाहायला जाणाऱ्या कित्येक कुटुंबांनी समुद्रातले जिवंत मासे पहिल्यांदा तिथेच पाहिले असतील.

घरगुती टाकीची वाट वेगळी होती. आधी हवेचा पंप, मग खडीखालची जाळी, मग 1960 च्या दशकातले बंद डब्याचे कॅनिस्टर फिल्टर. सिलिकॉनने चिकटवलेल्या बिनचौकटीच्या टाक्याही त्याच सुमारास आल्या. त्यामुळे कोणत्याही मापाची टाकी आणि तिच्याखाली मावणारा सम्प बनवणे सोपे झाले. 1986 च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी ओला-कोरडा फिल्टर लोकप्रिय केला. त्यात पाणी प्लास्टिकच्या गोळ्यांवरून ठिबकते. जिवाणूंना जागाही मिळते आणि हवाही. मग प्रवाळाच्या टाक्यांसाठी जिवाणूंची वस्ती असलेला ‘जिवंत खडक’ आणि फेस काढून घाण वेगळी करणारा स्किमर आला, आणि सम्प हे या उपकरणांचे घर झाले.

नाशिकमध्ये या रचनेला स्थानिक कारणेही आहेत. समुद्र सह्याद्रीपलीकडे असल्याने समुद्री टाकीसाठी मीठ मिसळून पाणी बनवावे लागते. ते वारंवार फेकणे परवडत नाही, म्हणून सम्पमध्ये गाळून तेच फिरवावे लागते. हिवाळ्यात पारा 10 अंशांखाली जातो, म्हणून हीटर लागतो; तो सम्पमध्ये असला की माशांना चटका बसत नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंना मारते, तर बेसाल्टमधल्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. दोन्ही तपासूनच घालावे लागते. भारनियमनाच्या काळात सम्पचा आणखी एक फायदा दिसला : वीज गेली की बंद कॅनिस्टरमधले जिवाणू प्राणवायूविना काही तासांत मरू लागतात, उघड्या सम्पमध्ये ते जास्त तग धरतात.

वीज जाण्याचा हिशेबच सम्पचे माप ठरवतो. 120 × 45 × 45 सेंटिमीटरच्या टाकीत सुमारे 243 लिटर पाणी मावते. पंप थांबल्यावर तिची पातळी 3 सेंटिमीटर उतरली, तर 16 लिटर पाणी खाली येते. 60 × 30 तळाच्या सम्पमध्ये पातळी त्यामुळे 9 सेंटिमीटर चढते. 90 × 40 तळाच्या सम्पमध्ये जेमतेम साडेचार. एवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी ठेवावी लागते. पंप थांबला की वर जाणारा पाइप सायफन होऊन टाकीतले पाणी उलट खाली ओढू लागतो, म्हणून त्याला पाण्याच्या पातळीजवळ बारीक छिद्र ठेवतात. हवा आत शिरली की सायफन तुटतो आणि उरलेले पाणी खाली ओढले जात नाही.

जुना सम्प काढून मोठा बसवताना सर्वांत मौल्यवान वस्तू काच किंवा पंप नसते. जुन्या स्पंजवर आणि गोळ्यांवर वाढलेली जिवाणूंची वस्ती असते. म्हणून जुने साहित्य टाकीच्याच पाण्यात हलके खळबळून नव्या सम्पमध्ये ठेवतात, नवे साहित्य त्याच्या शेजारी रचतात आणि दोन्ही काही आठवडे एकत्र चालवतात. तोवर अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहायचे, मासे वाढवायचे नाहीत. दोन्ही शून्यावर स्थिरावले की जुने साहित्य टप्प्याटप्प्याने काढता येते आणि नवा सम्प टाकीचा भार एकटा पेलू लागतो.