शनिवारचं वेम्बली

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने १९८६च्या उन्हाळ्यात युरोपभर दौरा केला. ७ जूनला स्टॉकहोममध्ये सुरुवात, ९ ऑगस्टला इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या मोकळ्या माळावर शेवट. मधल्या दोन महिन्यांत २६ कार्यक्रम आणि दहा लाखांवर श्रोते. फ्रेडी मर्क्युरीला घेऊन क्वीनने त्यानंतर एकही दौरा केला नाही. तेव्हा इतिहासाच्या हिशेबाने मान नेबवर्थचा. शेवटचा कार्यक्रम तो, आणि गर्दीही तिथलीच मोठी, १,२०,०००च्या घरातली. पण क्वीनचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नेबवर्थ येत नाही. येतो तो पिवळं जाकीट आणि पांढरी पँट घातलेला, अर्धवट दांड्याचा माइक हातात धरून धावणारा मर्क्युरी, आणि त्याच्यामागे लंडनचं जुनं वेम्बली स्टेडियम. तारीख १२ जुलै, वार शनिवार. याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. वेम्बलीची ती रात्र कॅसेटवर निघाली, नेबवर्थची निघाली नाही. व्हिडिओ कॅसेटने एका कार्यक्रमाची आठवण जपली असं आपण सहज म्हणून जातो. खरं पाहता पुढच्या पिढ्यांनी कोणता कार्यक्रम आठवायचा, हेच तिने ठरवलं.

ही निवड कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. उत्तर इंग्लंडमधल्या टाइन टीज टेलिव्हिजनने वेम्बलीचं चित्रीकरण केलं. दिग्दर्शक होता गॅव्हिन टेलर. ‘द ट्यूब’ हा संगीताचा कार्यक्रम त्याने हाताळलेला होता आणि १९८३मध्ये अमेरिकेतल्या रेड रॉक्सच्या कड्यांमध्ये पावसात झालेला यू-टू या बँडचा कार्यक्रमही त्यानेच टिपला होता. वेम्बलीवर क्वीनचे लागोपाठ दोन कार्यक्रम होते, शुक्रवारी ११ जुलैला आणि शनिवारी १२ जुलैला. दोन्ही दिवशी स्टेडियम भरलेलं, दरवेळी ७२,०००च्या आसपास माणूस. रंगमंच तोच, गाण्यांचा क्रमही जवळपास तोच. शुक्रवारी पाऊस होता. त्या दिवशी कॅमेरे चालले ते मुख्यतः दुसऱ्या दिवसाची तालीम म्हणून. शनिवारचं चित्रण चॅनेल फोरवर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दाखवलं गेलं, आणि टीव्हीचा आवाज किरकोळ असायचा म्हणून रेडिओवरून त्याच वेळी स्टिरिओ ध्वनीही सोडला गेला. डिसेंबर १९९०मध्ये त्याची व्हीएचएस कॅसेट आली. आता शुक्रवारचं काय झालं ते पाहा. २००३च्या डीव्हीडीत त्याचे तुकडे जोडून अर्ध्या तासाच्या आतबाहेरची एक पुरवणी दिली, आणि अख्खा शुक्रवार बाजारात आला तो २०११ साली, पंचवीस वर्षांच्या निमित्ताने. शुक्रवारी भिजत उभ्या राहिलेल्या ७२,००० लोकांनी जे ऐकलं, ते शनिवारपेक्षा हलकं होतं असं कुणी म्हणणार नाही. तरी पंचवीस वर्षं ‘क्वीन ॲट वेम्बली’ म्हणजे शनिवार. बँड तोच, जागा तीच, आठवडाही तोच. फरक एवढाच की शुक्रवारची फीत कपाटात राहिली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वेम्बलीची कीर्ती कॅसेटच्या आधीची आहे. आदल्याच वर्षी, १३ जुलै १९८५ला, याच मैदानावर लाइव्ह एड हा मदतनिधीचा कार्यक्रम झाला होता, आणि क्वीनच्या वीसेक मिनिटांनी त्या दिवसाची बाकीची गाणी झाकोळून टाकली होती. हे खरं आहे. १९८६ची तिकिटं हातोहात गेली त्यात लाइव्ह एडचा वाटा मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लाइव्ह एडचा अधिकृत संच बाजारात केव्हा आला? नोव्हेंबर २००४मध्ये, चार डीव्हीडींचा. हे एकदाच घडणार, विकलं जाणार नाही, असा शब्द आयोजक बॉब गेल्डॉफने कलाकारांना दिला होता. म्हणजे एकोणीस वर्षं लाइव्ह एड हे लोकांच्या बोलण्यातलं आणि टीव्हीवर अधूनमधून दिसणारं प्रकरण होतं. पूर्ण संच विकत आणून, हवा तेव्हा मागे-पुढे करून पाहण्याचं नव्हतं. क्वीनला उभ्या स्टेडियमवर पाहायचं, तेही स्वतःच्या घरात, रविवारी दुपारी, तर हाताशी १९८६च्या वेम्बलीची कॅसेट होती. नव्वदच्या दशकात ज्यांनी क्वीन ऐकायला सुरुवात केली, त्यांनी लाइव्ह एडचं मोठेपण ऐकलं आणि १९८६चं वेम्बली पाहिलं. २०१८च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ चित्रपटाने लाइव्ह एडचा प्रसंग हुबेहूब उभा केला तेव्हा कुठे पारडं फिरलं. तेही शेवटी पडद्याचंच काम.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ला एड्सने गेला. मृत्यूने त्या कॅसेटला जे मोल दिलं ते यंत्राने दिलेलं नव्हे, असं म्हणता येईल. मृत्यूनंतर वेम्बलीकडे पाहण्याची नजर बदलली यात शंका नाही. एप्रिल १९९२मध्ये त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला तोही याच मैदानात, आणि वेम्बलीचं ध्वनिमुद्रण दोन सीडींवर आलं ते त्यापुढच्याच महिन्यात. पण कॅसेट आली तेव्हा मर्क्युरी हयात होता, आणि आजाराची जाहीर कबुली जायच्या आदल्या दिवशीची. शिवाय मृत्यूचाच हिशेब करायचा तर मोल शेवटच्या कार्यक्रमाला, म्हणजे नेबवर्थला यायला हवं. तिथला अख्खा कार्यक्रम व्यावसायिक चित्रणात कधीच प्रसिद्ध झालेला नाही. शोक करणाऱ्यालाही समोर काहीतरी चालू असावं लागतं. वेम्बलीच्या चित्रणात मर्क्युरी बँड फुटणार या अफवा गर्दीसमोर धुडकावून लावतो. १९९१नंतर पाहणाऱ्याला ते वाक्य टोचतं. नेबवर्थवर तो काय बोलला, हे सांगायला तिथे गेलेली माणसं आणि गर्दीतल्यांनी चोरून केलेली ध्वनिमुद्रणं.

कॅसेट म्हणजे काही ती रात्र नव्हे, हे मात्र मान्य करायला हवं. १९९०ची आवृत्ती सव्वा तासाच्या आसपासची होती. गाणी गाळली होती, आणि सुरुवातीला रंगमंच बांधतानाची दृश्यं भराभर पळवून दाखवली होती. दोन तासांचा पूर्ण कार्यक्रम बघायला २००३ची डीव्हीडी यावी लागली. गंमत अशी की त्याच वर्षी जुनं वेम्बली पाडलं गेलं. प्रवेशद्वारावरचे दोन पांढरे मनोरेही गेले. पण काटछाट झाली म्हणून माझ्या म्हणण्याला बाध येत नाही, उलट बळ येतं. लोकांच्या मनातला क्रम, कुठल्या गाण्यानंतर कुठलं, मर्क्युरीच्या अंगावर मुकुट आणि झगा केव्हा, हे सगळं संकलकाच्या टेबलावर ठरलं होतं.

जे टिपलं गेलं नाही त्याचं काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. झांजिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथे मित्रांना घेऊन त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. तो पियानो वाजवायचा. त्या मुलांचे फोटो आजही छापले जातात. वाजवलेलं कुणी टिपून ठेवल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे मर्क्युरीच्या चरित्रांत पाचगणी एखाद्या प्रकरणापुरती येते आणि पुढे लंडन सुरू होतं.

आता वेम्बलीचाही पाया सरकू लागला आहे, आणि तो सरकतो आहे तोही फितीपायीच. शनिवारचं चित्रण त्या काळच्या टीव्हीच्या फितीवर झालं, ६२५ रेषांचं. ते कितीही घासूनपुसून काढा, त्यात नसलेला तपशील येणार नाही. पंधरा दिवसांनी, २७ जुलैला, क्वीनने बुडापेस्टच्या नेपस्टेडियममध्ये कार्यक्रम केला. लोखंडी पडद्यापलीकडच्या या कार्यक्रमात मर्क्युरीने एक हंगेरियन लोकगीत गायलं, शब्द तळहातावर लिहून आणले होते आणि मधूनमधून हात वळवून तो ते वाचत होता. हंगेरीच्या सरकारी माफिल्म संस्थेने हे सगळं ३५ मिलिमीटर सिनेमाच्या फिल्मवर घेतलं. फिल्ममध्ये तपशील दडलेला असतो, तो नव्या यंत्राने बाहेर काढता येतो. म्हणून २०१२मध्ये बुडापेस्ट पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि ब्लू-रेवर आला, तेव्हा तळहातावरच्या शाईपर्यंत सगळं लख्ख होतं. जानेवारी २०२४मध्ये क्वीन आयमॅक्सच्या पडद्यावर झळकली, ती १९८१ साली मॉन्ट्रियलच्या आइस हॉकीच्या बंदिस्त सभागृहात केलेल्या कार्यक्रमामुळे. स्टेडियमच्या मानाने तिथे गर्दी मूठभर, पण तोही ३५ मिलिमीटरवर घेतलेला होता. जो श्रोता क्वीनला पहिल्यांदा आयमॅक्सवर पाहील, त्याचा मर्क्युरी १९८१चा असेल आणि पिवळं जाकीट त्याच्या खिजगणतीत नसेल.