संतसाहित्यातील स्वप्नजागृती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
स्वप्न पडत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ अशी जाणीव होणे, यास मानसशास्त्रात ‘ल्युसिड ड्रीम’ अर्थात सजग स्वप्न म्हणतात. डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फान एडन यांनी १९१३ मध्ये ही संज्ञा रूढ केली. पुढे इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये व त्यानंतर अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी, निद्रिस्त व्यक्ती पूर्वी ठरविल्याप्रमाणे डोळ्यांच्या हालचालींनी खूण देऊ शकते, हे प्रयोगशाळेत दाखवून दिले. मराठी संतसाहित्यातही स्वप्नातील जागृतीचा उल्लेख येतो. या दोन्ही जागृती एकच आहेत काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन साक्षी :
सतराव्या शतकातील संत तुकारामांना बाबाजींचा गुरूपदेश स्वप्नात झाला. नामदेवांनी पांडुरंगासह येऊन आपणास स्वप्नातच जागे केले व कवित्वाची आज्ञा दिली, असेही ते सांगतात. संत बहिणाबाई (१६२८-१७००) यांनी कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकारामांचे अभंग ऐकले. त्यांच्या दर्शनाचा ध्यास घेतल्यावर बहिणाबाईंना स्वप्नात त्यांचा उपदेश लाभला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करणे पतीस मान्य नव्हते. त्यांचा रोष बहिणाबाईंनी आत्मनिवेदनपर अभंगांत नोंदविला आहे.

साम्य आणि भेद :
झोपण्यापूर्वी ‘स्वप्न पडेल तेव्हा मी ते ओळखीन’ असा संकल्प मनात घोळविणे, ही लाबर्ज यांची पद्धती होय. बहिणाबाईंचा ध्यासही दिवसाचे चिंतन रात्रीत नेणारा होता. साम्य येथेच संपते. सजग स्वप्नात स्वप्नाचे स्वप्नपण उघड होते. संतांच्या स्वप्नात मात्र त्यास आज्ञेचे बळ प्राप्त होते. ‘हे केवळ स्वप्न आहे’ असे बहिणाबाईंनी मानले असते, तर घराचा व जातीचा विरोध सोसण्याचा त्यांचा आधारच नाहीसा झाला असता. जन्माने ब्राह्मणत्व ठरत नाही, असे प्रतिपादणाऱ्या वज्रसूचीचे मराठी विवरण पुढे त्यांनीच केले.

समारोप :
हे अभंग स्वप्नानंतर रचलेले असल्याने प्रत्यक्ष स्वप्न इतिहासकाराच्या हाती लागत नाही. हाती येते ते त्याचे कथन. म्हणून स्वप्न खरे होते काय, यापेक्षा त्या बळावर जागेपणी काय केले गेले, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. ज्या समाजात स्त्रीला स्वतःचा गुरू निवडण्याची मुभा नव्हती, तेथे ती निवड स्वप्नाच्या आधारे झाली, हेच या साक्षीचे ऐतिहासिक मोल होय.