हवा काकवी होते तेव्हा

लवळ्याची टेकडी चढून आलात ना? घाम पुसा. सिम्बायोसिसच्या या आवारात वाऱ्याला तोटा नाही. आता मोबाइल आडवा धरा. चित्रही आडवं झालं? फोन कुठे कलला हे ओळखणारा सिलिकॉनचा संवेदक आत बसलाय, नुसत्या डोळ्यांना त्याचे भाग दिसायचे नाहीत. असल्या चिमुकल्या यंत्रांपायी मेकॅनिकलच्या मास्तरांनी कसे दिवस काढले, ते बघायला चला. फोन इथंच ठेवा, जातोय तिथं त्याचा उपयोग नाही.

2004 चा मे. कराडचं एसटी स्टँड, रात्रीची वेळ. डिझेलचा धूर, तळणीतल्या वड्यांचा वास, कंडक्टरची शिट्टी, पोत्यांवर झोपलेली पोरं. तुम्ही सरकारी कॉलेजातले मास्तर आहात, पीएचडीसाठी बंगळुरूला निघालेले. बायकोनं बांधून दिलेली चपाती-चटणी मांडीवर, शेजाऱ्याचं डोकं तुमच्या खांद्यावर. महामार्ग चौपदरी करायचं काम चाललंय. खिडकी उघडली तर धूळ, लावली तर उकाडा. बेळगावपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, आणि लागतो तेव्हा हुबळी आलेली असते.

सकाळी बंगळुरू, तिथली क्लीनरूम, म्हणजे धूळ येऊ न देणारी खोली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, मास्क. फिल्टरची घरघर थांबतच नाही. दिवे पिवळे, कारण निळसर उजेड लागला तर सिलिकॉनच्या चकतीवरचा फोटोरेझिस्ट, म्हणजे उजेडाला भुलणारा लेप, वाया जातो. नाकात ॲसिटोन. नाक खाजतंय? खाजवायचं नाही!

पुढ्यात प्लास्टिकचं भांडं आहे. काचेचं चालत नाही, हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं. त्याच्या जवळ वाकू नका. चिमुकल्या यंत्रातल्या हलत्या तबकडीखालचा ऑक्साइडचा थर हेच आम्ल खाऊन टाकतं आणि पातळ तबकडी अधांतरी उरते. खालची फट दोन-तीन मायक्रॉनची. तुमचा केस तिच्याहून कितीतरी पट जाड. चिप धुऊन वाळवताना फटीत राहिलेलं पाणी तबकडीला खाली ओढतं आणि ती तळाला चिकटून बसते. संपलं, पुन्हा पहिल्यापासून.

सुटली तर पुढचं दुखणं हवेचं. एवढ्याशा फटीत हवा काकवीसारखी वागते. तबकडी खाली आली की हवेला पळायला वाट मिळत नाही. काही दाबली जाऊन स्प्रिंगसारखी उलटी ढकलते, काही चिकटून हालचालच मारते. म्हणून भोकं पाडायची. आम्ल आत शिरायलाही तीच कामाला येतात. पण फार पाडली तर तबकडीचं क्षेत्रफळ घटतं आणि विजेचा संकेत बारीक होतो. किती भोकं, केवढी, किती अंतरावर? मला विचाराल तर या धंद्यातली खरी गंमत चिप बनवण्यात नाही, या भोकांच्या हिशोबात आहे.

हिशोबाला बसा. पंखा गरम हवा फिरवतोय, संगणक त्याहून गरम. शेकडो भोकांचं गणित एकदम मांडलं तर यंत्र रात्रभर कुथत राहतं. मग एक भोक घ्या, त्याच्याभोवती वर्तुळ काढा आणि माना की या वर्तुळाच्या कडेपलीकडे हवा जात नाही. आता एका भोकाचं उत्तर सगळ्यांना लावता येतं. तुमच्याच कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातले सुहास मोहिते, भारतीय विज्ञान संस्थेतले रुद्र प्रताप आणि सहकारी 2005 मध्ये मायक्रोफोनच्या भोकांच्या तबकडीसाठी अशीच सूत्रं छापणार आहेत. कुणाला बोलू नका, अजून छापून यायचीत.

सुट्टी संपली, कराडला परत. दिवसा थर्मोडायनॅमिक्सचं लेक्चर, शेवटच्या बाकावर कुजबुज, तोंडात खडूची पूड. संध्याकाळी लॅबमध्ये तेच गणित पुन्हा लावलंय, आलेख आत्ता कुठे सरळ यायला लागलाय. बाहेर कॉलनीतले दिवे एकेक ओळीनं विझू लागले. लोडशेडिंग! यूपीएस चीं चीं करायला लागला. बघत काय बसलात, आधी फाइल सेव्ह करा!