मेस्तक ते मुलाखत

आयटीआय झालेला पोरगा कारखान्यात काम शिकायला लागला की कागदोपत्री तो 'शिकाऊ उमेदवार' होतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यात तलाठी भरतीचा अर्ज भरणाराही उमेदवार आणि नगरपंचायतीला उभा राहणाराही उमेदवारच. फारसीत उमेद म्हणजे आशा. नोकरी मागणाऱ्याला आणि मतं मागणाऱ्याला तो शब्द शोभतो. पण जो आधीच कामाला जुंपलेला आहे, त्याला उमेदवार का म्हणायचं? मुलाखतीच्या तयारीचं सगळं कूळ या एका प्रश्नाशी येऊन भिडतं, असं माझं ठाम मत आहे.

उत्तर जुन्या कचेरीत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मामलेदार कचेरीत पगारी कारकुनांच्या मागे काही तरुण बसलेले असत. ते नकला करत, बेरजा ताडून पाहत, दप्तराचे रुमाल सोडत आणि बांधत, साहेबांनी हाक मारली की धावत. पगार नाही, नेमणूक नाही. एखादा कारकून मेला, बदलून गेला किंवा कामावरून निघाला, की त्याच्या जागी आपली वर्णी लागेल या आशेवर महिने, कधी वर्षं जात. याला उमेदवारी करणं म्हणत. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही हा शब्द आलाय, नोकरीच्या आशेवर थांबलेला या अर्थाने. इंग्रजांनाही तो माणूस रोज दारात दिसत असणार.

जागा निघेपर्यंत मामलेदाराला त्या पोराचं अक्षर माहीत झालेलं असे, हिशेबातली सचोटी माहीत असे, रागावल्यावर तो कसा वागतो हेसुद्धा. वेगळी मुलाखत घ्यायची गरजच नव्हती. उमेदवारी हीच मुलाखत होती, फक्त ती पंधरा मिनिटांऐवजी दोन-दोन वर्षं चालायची. आज आपण जिला तयारी म्हणतो, ती या लांबलचक मुलाखतीतून सुटून निघालेला भाग आहे.

याला दोन प्रतिस्पर्धी मतं आहेत. पहिलं अमेरिकेतलं. थॉमस एडिसनने 1921 मध्ये नोकरीला येणाऱ्यांपुढे शंभरावर प्रश्नांची यादी ठेवली, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, आणि तिथून मुलाखत सुरू झाली असं सांगतात. हे मला मुळीच पटत नाही. एडिसनची यादी हा सामान्यज्ञानाचा लेखी पेपर होता. तिचं कूळ स्पर्धा परीक्षेशी जुळतं, मुलाखतीशी नाही.

दुसरं मत वजनदार आहे. चीनमध्ये तांग राजवटीत, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, परीक्षा पास झाली तरी नोकरी मिळत नसे. उमेदवाराला नेमणूक खात्यापुढे उभं राहावं लागे आणि तिथे चार गोष्टी पाहत: शरीर, बोलणं, अक्षर आणि न्यायनिवाड्याची समज. परीक्षा घेऊन माणूस नेमायची ही चिनी रीत ईस्ट इंडिया कंपनीने उचलली, तिची वखार कँटनला होतीच, आणि कंपनीकडून ती लंडनला गेली, असं तेंग स्सू-यू या अभ्यासकाने 1943 मध्ये मांडलं. तांगांच्या त्या चार कसोट्या वाचल्या की मला भरतीचं मैदान दिसतं. पोलीस भरतीत पुरुषांची उंची 165 सेंटिमीटर लागते, सोळाशे मीटर धावावं लागतं. वनरक्षकाला चार तासांत पंचवीस किलोमीटर चालून दाखवावं लागतं, बाईला सोळा. शरीर इथेही तपासतातच.

तरी माझं म्हणणं असं, की चीनहून आली असेल तर ती परीक्षा आली. परीक्षेसाठी माणूस घडवायची रीत आपल्याकडे आधीपासून होती, आणि तिचं पुस्तकही होतं. त्याचं नाव मेस्तक.

मेस्तक म्हणजे कारकुनाचं हातपुस्तक. दप्तर कसं ठेवावं, कोणत्या कामगाराने काय करावं आणि मुख्य म्हणजे पत्र कसं लिहावं, याचे पाठ त्यात असत. परंपरेने ते हेमाडपंताच्या नावावर घातलं जातं. हा हेमाद्री देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा मुख्य. काळ तेराव्या शतकाचा. अडचण अशी, की हाती आलेल्या मेस्तकांत फारसी शब्दांची रेलचेल आहे, आणि यादवांच्या दप्तरात ती असायचं कारण नाही. म्हणून कित्येक जण हेमाडपंताचं नाव काढूनच टाकतात.

मला हा निकाल घाईचा वाटतो. कुरखेड्याहून वैरागडला जा. तिथलं भंडारेश्वराचं मंदिर लोक हेमाडपंती म्हणतात. आपल्याकडे चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं कुठलंही जुनं देऊळ हेमाडपंतीच ठरतं. एका माणसाने एवढी देवळं बांधली नाहीत हे उघड आहे, पण बांधणीची ती पद्धत त्याच्या काळातली आहे हे कुणी नाकारत नाही. मेस्तकाचंही तसंच झालं असावं. गाभा यादव दप्तरातला, मग प्रत्येक पिढीच्या कारकुनाने आपल्या काळचे शब्द आत घातले. वापरातलं पुस्तक तसंच बदलत जातं. स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शक पुस्तकही दर आवृत्तीला योजनांची नावं बदलतं आणि मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव तेच ठेवतं.

मेस्तकातला सर्वांत कसून लिहिलेला भाग मायन्यांचा. वडिलांना काय लिहायचं, बरोबरीच्याला काय, हाताखालच्याला काय, राजाला काय, गुरूला काय. ज्याचा जो दर्जा त्याला तो मायना. चुकलात तर पुढचा मजकूर कितीही चांगला असो, पत्र वाया. शाळेत आपण 'तीर्थरूप बाबांस' असं लिहायला शिकलो ते याच घराण्यातलं, अर्जावरचं 'मा. महोदय' हेही. आणि मुलाखतीच्या तयारीत पहिल्या दिवशी काय शिकवतात? दार किती उघडायचं, 'आत येऊ का सर' कधी म्हणायचं, समितीत मॅडम असतील तर नमस्कार कसा करायचा, सांगेपर्यंत बसायचं नाही. हा तोंडी मायनाच आहे.

समर्थांच्या दासबोधातही एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे: अक्षर, ओळ, समास, शाई, लेखणी. पुढे तीच कसोटी टंकलेखनात गेली, मराठी मिनिटाला तीस शब्द, इंग्रजी चाळीस. लिपिकाच्या जागेसाठी वळणदार अक्षर आता कुणी विचारत नाही, पण हात तपासला जातोच.

या कुळात एक कडू गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय कुळकथा खरी होणार नाही. समर्थांचा तो समास ब्राह्मणाला उद्देशून आहे. मेस्तक लिहिण्या-वाचणाऱ्या घरांत फिरायचं. उमेदवारी करायची तर दोन वर्षं बिनपगारी पोरगं पोसणारं घर लागायचं. कुरखेड्याच्या गोंड, हलबा, महार पोराला त्या रांगेत जागाच नव्हती. घरचं धान आणि हंगामातला मोह यांवर वर्ष काढायचं, त्यात कचेरीत फुकट राबायला माणूस कुठून सोडणार? म्हणून परीक्षेचं आगमन माझ्या सिद्धांताच्या आड येत असलं तरी मी तिला मानतो. निदान कागदावर तरी तिने दार उघडलं.

पुढचे टप्पे सगळ्यांना ठाऊक आहेत: 1854 चा मेकॉलेचा अहवाल, 1922 पासून अलाहाबादला आयसीएसची परीक्षा, 1926 मध्ये लोकसेवा आयोग. तोंडी परीक्षेला आयसीएसमध्ये वजन आलं ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, आणि संशयही तिच्या पाठोपाठ आला. अजय हसिया खटल्यात श्रीनगरच्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या दोन-तीन मिनिटांच्या मुलाखती सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या. एक तृतीयांश गुण तोंडी परीक्षेला होते. पंधरा टक्क्यांहून जास्त ठेवणं मनमानी ठरेल, असं न्यायालयाने 1980 च्या दशकाच्या तोंडावर सांगितलं. 1 जानेवारी 2016 पासून केंद्राने खालच्या पदांच्या मुलाखती बंदच केल्या.

मग कुरखेड्यातल्या अभ्यासिकेत मुलाखतीची तयारी कशाला? कारण कंत्राटी आरोग्य पदं, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, स्वयंसेवी संस्था, कोनसरीचा पोलाद कारखाना, बँकांची अधिकारी पदं हे सगळं अजून समोर बसूनच ठरतं. वडसा स्टेशनवर पहाटेच्या गाडीत चढणाऱ्या पोरांकडे बघा. बटणाची प्लास्टिक फाईल, तिच्यात सर्वांत वर दहावीची सनद, मग बारावी, पदवी, जातीचा दाखला, जात वैधता, रहिवासी, एमएससीआयटी, शेवटी अनुभवाचा दाखला. मूळ प्रती एकीकडे, झेरॉक्स दुसरीकडे. जुना उमेदवार दुसऱ्याचं दप्तर बांधायला शिकायचा, हा स्वतःचं बांधतो.

आणि तोंडाची तयारी. झाडीबोलीत 'ण' येत नाही, पाण्याला पानी म्हणतात. 'तुमच्याबद्दल सांगा' या प्रश्नाचं उत्तर पाठ करताना पोरी 'शिक्षण', 'प्रशिक्षण', 'निरीक्षण' हे शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात, एकमेकींना थांबवतात. कचेरीतल्या उमेदवाराला अक्षर घटवावं लागे, इथे उच्चार घटवतात. मला हे पाहून वाईट वाटतं. माडिया, गोंडी, झाडी, मराठी अशा तीन-चार बोलींत वावरणाऱ्या मुलीची हुशारी एका 'ण'वर तोलू नये. तिला तीन-चार भाषा येतात, हेच उत्तराच्या पहिल्या वाक्यात यायला हवं, असं मी प्रत्येकीला सांगतो.

अनुभवी उमेदवाराची गोष्ट जुन्या कचेरीला आणखी जवळची आहे. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली: बारावी झालेल्याला महिन्याला 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविकेला 8,000, पदवीला 10,000, आणि काम सरकारी कार्यालयांतही. नकला करायच्या, नोंदी घ्यायच्या, जागा निघेल का याकडे लक्ष ठेवायचं. मानधन सोडलं तर ही हुबेहूब उमेदवारी आहे. अशा पोरांना मी सांगतो, मुलाखतीत 'सहा महिने काम केलं' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या टेबलावर बसलात, किती अर्ज रोज हाताळलेत, कुठली चूक तुम्ही पकडलीत ते बोला. मामलेदाराला जे दोन वर्षांत दिसायचं ते तुम्हाला दोन मिनिटांत दाखवायचं आहे.

या सगळ्या वंशावळीत एकच फांदी पूर्णपणे इथली आहे. गडचिरोली जिल्हा पोलीस भरतीत अलीकडे गोंडी आणि माडिया भाषेचा स्वतंत्र लेखी पेपर असतो. तो देणारी पोरं देवनागरीत गोंडी वाक्यांच्या वह्या लिहितात: घरी आलेल्या पाहुण्याशी कसं बोलायचं, म्हाताऱ्याला कसं विचारायचं, गावच्या पाटलाशी काय बोलायचं. माणूस पाहून बोलणं बदलायचे हे पाठ म्हणजे मायनेच आहेत, फक्त आता ते गोंडीत आहेत. मी या वह्यांना मेस्तकच म्हणतो, आणि तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, परिचारिका या जिल्ह्यातल्या प्रत्येक भरतीला हा पेपर लावावा अशी माझी मागणी आहे.