जुन्नरी कागदावरची शाई

कुकडी येडगावास पोहोचण्यापूर्वी ज्या जुन्नर शहराच्या कडेने वाहते, तेथील कागदी लोकांनी लगदा कुटून, खळ लावून आणि घोटून सिद्ध केलेल्या कागदाचा लौकिक पेशवाईच्या दप्तरांत मोठा होता. परंतु त्या कागदाची कीर्ती गाताना शाईचे ऋण विसरणे मला अन्यायाचे वाटते.

बोरूने मोडी लिहिणाऱ्या कारकुनांची परिचित शाई काजळीची असे. दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ खलली म्हणजे कर्बाचे सूक्ष्म कण एकजीव होत आणि सनद असो, महजर असो वा गावचा जमाखर्च, अक्षराच्या रूपाने कागदावर स्थिर होत. हा कर्ब इतका निष्क्रिय की प्रकाशाने तो विटत नाही आणि सौम्य आम्लालाही दाद देत नाही. भय एवढेच की डिंक विरघळविणारे पाणी त्याला धुऊन नेते.

दुसरी जात हिरड्याची. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे आजही जो हिरडा वेचतात, त्याच्या कषायद्रव्याशी हिराकस मिळविला की प्रथम फिकट वाटणारा द्रव हवेतील प्राणवायूने काळा होत जातो. ही शाई कागदाच्या तंतूंत शिरते, म्हणून पाण्याने सहज जात नाही. परंतु तिच्यातून निर्माण होणारे गंधकाम्ल आणि उरलेले लोह कालांतराने कागदच खाऊन टाकतात. अवरक्त प्रकाशात ती पुसट होते, काजळीची शाई मात्र काळीच राहते. एवढ्या परीक्षेने दस्तऐवजास इजा न करता दोन्ही ओळखता येतात.

आज ज्याला कायमचा मार्कर म्हणतात, त्याच्या शाईत मद्यार्कासारखे द्रावक, राळ आणि कृत्रिम रंग असतात. अशा काळ्या शाईचा थेंब वर्णलेखनाच्या पातळ थरावर ठेवून द्रावक वर चढू दिले, तर काळेपणा पुष्कळदा विरघळून निळा, जांभळा, पिवळा असे वेगळे पट्टे उमटतात. पाण्याला ती दाद देत नाही, परंतु मद्यार्काने पुसते आणि उन्हात तिचे रंग उडतात. येडगावच्या शेतकऱ्याने टोमॅटोच्या क्रेटवर खूण करण्यास ती पुरेशी आहे. जमिनीच्या वहिवाटीचा हक्क ज्या कागदावर पुढील पिढ्यांना दाखवावयाचा, त्यावर लिहिताना मात्र कर्बयुक्त शाईच मागून घ्यावी.