मॅट्रिकचा अभ्यास, रात्री दोन वाजता

इअरफोन काढून वाचत बसणाऱ्यांसाठी या आठवड्याचा भाग लिहून देतोय. बोलताना दोन-तीन ठिकाणी अडखळलो होतो, ते इथे नीट केलंय.

सुरुवात आमच्या सोसायटीच्या गेटपासून. तिथे रात्रपाळीला एक पोरगा असतो, वय २४. नववीनंतर शाळा सुटली. यंदा त्याने दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरलाय, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. रात्रशाळेत का जात नाहीस, असं मी शहाण्यासारखं विचारलं होतं. तो म्हणाला, "सर, रात्री तर ड्यूटी असते." त्यामुळे मी ऑफिसातून अकराला आलो की त्याच्या केबिनमध्ये अर्धा तास वर्गसमीकरणं. मध्येच कुणाची तरी गाडी येते, तो उठून गेट उघडतो, परत येतो आणि विचारतो, "कुठे होतो आपण?"

परवा त्याने पुस्तक मिटलं. "सर, मला पस्तीस-चाळीसच पडणार. एवढ्यासाठी कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा भाग तिथून निघाला.

तर जरा मागे जाऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. गंमत म्हणजे हे विद्यापीठ सुरुवातीला शिकवतच नव्हतं. परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, बस्स. पहिली मॅट्रिक झाली १८५९ मध्ये. बसली शंभराहून जास्त मुलं, पास झाली जेमतेम वीस-बावीस. त्यात महादेव गोविंद रानडे होते. परीक्षा घेणारा एक आणि तयारी करून घेणारा दुसरा, ही आपली व्यवस्था तेव्हापासूनची आहे. मग तयारी कुणी करून घ्यायची? ज्याच्या घरी शिकलेला माणूस, बसायला खोली आणि दिव्यात तेल, त्याची झाली. बाकीच्यांची कुणी?

हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी फार लवकर ओळखला. १८५५ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी रात्रीची शाळा काढली, दिवसभर राबणाऱ्यांसाठी. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, त्यातला एक मुद्दा सगळ्यांना माहीत असतो: कर भरते रयत आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. दुसरा एक मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. खाजगी अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला बसू दिलं, हे चांगलं झालं, असं फुले म्हणतात. आणि लगेच मागणी करतात की हीच सवलत पुढच्या पदवी परीक्षांनाही द्या. म्हणजे १७ नंबरच्या फॉर्ममागचा विचार तेव्हाच मांडलेला होता. मी हे वाचलं तेव्हा खरंच स्क्रीनशॉट काढून गेटवरच्या पोराला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

आता परळला येऊ. १९०० नंतरची पहिली काही वर्षं, गिरणगावातली चाळ, एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, धूर, सरपण, सगळं कुटुंब आणि एक शेळीसुद्धा. या खोलीत एक मुलगा मॅट्रिकचा अभ्यास करतोय, एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जातोय. त्याला संस्कृत घ्यायचं होतं. जातीमुळे मिळालं नाही, म्हणून फारसी घेतलं. मुलगा म्हणजे अर्थातच भीमराव आंबेडकर.

दिवसा त्या खोलीत अभ्यास शक्यच नव्हता. मग वडिलांनी, रामजी सुभेदारांनी, एक युक्ती काढली. मुलाला लवकर झोपवायचं आणि स्वतः जागं राहायचं. रात्री दोन वाजता त्याला उठवायचं आणि मग आपण आडवं व्हायचं. जागा एकाचीच, म्हणून पाळ्या. मुलगा झोपायचा तेव्हा उशाला जातं आणि पायाशी शेळी. उठला की रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचन, मग अंघोळ, मग शाळा.

मला यात रामजींचंच जास्त वाटतं. पेन्शनीतला माणूस रोज रात्री दोनपर्यंत नुसता बसून राहायचा. त्याला फारसी शिकवता येणार नव्हतं. जागं राहणं मात्र त्याच्या हातात होतं, ते त्याने केलं.

आणखी एक माणूस होता. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर हा मुलगा वाचत बसायचा. तिथे येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्याला हेरलं आणि पुस्तकं द्यायला सुरुवात केली.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. मार्क किती? ७५० पैकी २८२. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, ३७.६ टक्के. आज हा निकाल असता तर घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणी टाकला नसता. तेव्हा मात्र अभिनंदनाची सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेणारेही केळुसकरच. महिना २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली.

पुढचं भराभर सांगतो. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाकडून गेली आणि एसएससी आली. १ जानेवारी १९६६ ला राज्य मंडळ सुरू झालं. १९७५ पासून अकरावीऐवजी दहावीला बोर्ड आलं. मग क्लासेस, अपेक्षित प्रश्नसंच, यूट्यूब. माझी स्वतःची दहावी याच माऱ्यात गेली. मला क्लास, टेबल, खोली सगळं होतं आणि रात्री दोनला उठवायची कुणावर वेळ आली नाही.

काल गेटवर गेलो, वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: ७५० पैकी २८२. कुणाचे मार्क आहेत, ओळख म्हटलं. त्याने दोन-तीन नावं घेतली, सगळी चुकली. मी सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि वडील रोज जागे राहायचे?"

तेवढ्यात हॉर्न वाजला. तो गेट उघडून आला आणि वही पुढे केली. तिसऱ्या उदाहरणात त्याचं चिन्ह चुकत होतं.